पिशवीवरचे दोन आकडे: विंग बनवणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
विंग फॉइलिंगच्या विंगा बनवणाऱ्या सर्व कंपन्या, त्यांचे रचनाकार आणि चाचणी घेणारी पथके यांस,

विषय: विंगवर छापल्या जाणाऱ्या वाऱ्याच्या पल्ल्यामागच्या अटी जाहीर करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार,

हे पत्र खुले आहे, म्हणून बाहेरच्या वाचकासाठी आधी एवढे सांगतो: विंग फॉइलिंग म्हणजे हवा भरलेली विंग हातात धरून, पाण्याखाली फॉइल, म्हणजे छोटा पंख, लावलेल्या बोर्डावर पाण्याच्या वर उठून धावणे. आपण विकत असलेल्या जवळपास प्रत्येक विंगच्या पिशवीवर, माहितीपत्रकात किंवा आकारांच्या तक्त्यात वाऱ्याच्या वेगाचे दोन आकडे असतात: अमुक नॉटपासून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) तमुक नॉटपर्यंत. ग्राहक विंग निवडताना रंग पाहतो, वजन पाहतो, हँडल की बूम ते पाहतो. पण किती चौरस मीटरची विंग घ्यायची आणि आज पाण्यात कोणती न्यायची, हे तो ठरवतो ते या दोन आकड्यांवरून. हे पत्र त्या आकड्यांबद्दलच आहे. आपल्या विंगांच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. साधारण २०१८-१९ पासून हा खेळ पसरू लागला तेव्हाच्या विंगा आणि आजच्या विंगा शेजारी ठेवल्या तर आपण किती मजल मारली आहे ते नवख्यालाही कळेल. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या आकड्यामागे तो कसा काढला हे सांगितलेले नसते, तो मोजलेला आकडा आहे की नुसता अंदाज, हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि पाण्यावर त्याची किंमत वाचणाराच मोजतो.

तीन हंगामांपूर्वी मी ५ चौरस मीटरची नवी विंग घेतली. तिच्या पिशवीवर १२ ते २५ नॉट असे छापलेले होते. त्या दुपारी जवळच्या हवामान केंद्राचा आकडा १४ नॉट होता, म्हणजे कागदोपत्री मी खालच्या मर्यादेच्या दोन नॉट वर होतो. किनाऱ्यापासून चारेकशे मीटर आत जाऊन मी बोर्डावर उभा राहिलो आणि पुढचा पाऊण तास नुसता उभाच राहिलो. विंग पंप करून, म्हणजे हिसके देत हलवून झाली, पायांनी फॉइलही तसेच पंप करून झाले. बोर्डाचे नाक दरवेळी जरासे उचलले जाई आणि पुन्हा पाण्यात बसे. अखेर विंग दोरीने मागे ओढत, पालथे पडून, हातांनी पाणी मारत परत आलो. वारा किनाऱ्याकडे वाहत होता म्हणून हा नुसता व्यायाम ठरला. तो आतल्या दिशेने वाहत असता तर हे पत्र वेगळ्या सुरात लिहावे लागले असते. कंपनीला लिहून विचारले तेव्हा उत्तर आले की दिलेला पल्ला 'मध्यम वजनाच्या अनुभवी खेळाडूसाठी' आहे. पिशवीवर मात्र ना वजन होते, ना अनुभव. माझे वजन ९२ किलो आहे आणि त्या दिवशी पायाखाली १००० चौरस सेंटिमीटरचे फॉइल होते. चूक माझीही होती, हे मान्य करतो. पण ती चूक आहे हे कळायला लागणारी माहिती त्या दोन आकड्यांत कुठेही नव्हती.

मुळात वाऱ्याची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपल्याला मी सांगायला नको. पण पल्ला छापताना ते विसरले जाते असे वाटते, म्हणून एकदा आकडे मांडतो. समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअसला हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो असते. उचलीचा गुणांक, म्हणजे पंख त्याच्या आकारामुळे आणि कोनामुळे किती उचल देतो ते सांगणारा आकडा, सोयीसाठी १ धरला, तर ५ चौरस मीटरच्या विंगला १२ नॉटच्या वाऱ्यात सुमारे १२ किलोंची ओढ मिळते. २५ नॉटला तीच ओढ ५२ किलोंच्या आसपास जाते. म्हणजे '१२ ते २५' हा दिसायला दुपटीचा पल्ला, पण हातांना चौपटीहून थोडा जास्त. आणि एखाद्या उत्साही जाहिरातीत '१० ते ३०' असे लिहिले जाते, तेव्हा एकाच कापडाच्या एकाच तुकड्याकडून नऊपट ओढ हाताळण्याचे वचन दिले जात असते. विंग मोकळी सोडून ओढ कमी करता येते, हे खरे आणि हीच या साधनाची मोठी सोय आहे. पण नऊपट हा शब्द पिशवीवर छापला असता तर तो घेणाऱ्याने दुसऱ्यांदा विचार नक्की केला असता.

खालचा आकडा आधी घेतो, कारण घोळ तिथेच जास्त आहे. हा आकडा विंगचा आहे असे आपण भासवता. प्रत्यक्षात तो विंग, फॉइल, बोर्ड आणि माणूस या चौघांचा मिळून असतो, आणि त्यात विंगचा वाटा सर्वांत मोठा असेलच असे नाही. खालची मर्यादा म्हणजे पाण्यातून उठता येईल असा कमीत कमी वारा. उठणे घडवते ते फॉइल. समजा माणूस आणि सामान मिळून ९० किलो आहेत आणि उठताना फॉइलचा उचलीचा गुणांक ०.८ पर्यंत जातो. मग खाऱ्या पाण्यात १८०० चौरस सेंटिमीटरचे फॉइल सुमारे ६.७ नॉटला माणसाला वर काढेल, तर ९०० चौरस सेंटिमीटरच्या फॉइलला त्यासाठी सुमारे ९.५ नॉटचा वेग हवा. बोर्ड पाण्यात असताना तो वेग गाठायचा म्हणजे पाण्याचा रोध, ढोबळमानाने, दुपटीने अंगावर घ्यायचा. बोर्ड सरकू लागला की हा रोध काहीसा निवळतो, म्हणून फरक इतका सरळ हिशेबाने पडत नाही. पण तीच विंग, तोच माणूस, तोच वारा आणि फक्त फॉइल बदलले, तर खालची मर्यादा दोन-तीन नॉटनी सहज सरकते, हे आपल्या चाचणी पथकातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही ज्या फॉइलवर चाचणी झाली त्याचे क्षेत्रफळ पिशवीवर नसते.

वजनाचेही तसेच. दीडपट वजनाला दीडपट वारा लागत नाही, लागणारा वारा वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, हे आपल्या बाजूने बोलणारे गणित आहे. तरी ७५ किलोंच्या माणसासाठी १२ नॉट ही खालची मर्यादा असेल, तर बाकी सारे तसेच ठेवून ९२ किलोंच्या माणसासाठी ती १३.३ होते आणि ६० किलोंच्या माणसासाठी १०.७. दोन टोकांत अडीच नॉटहून जास्त अंतर पडले. काही कंपन्या वजन आणि वारा यांचा चौकटींचा तक्ता देतात, त्यांचे मन:पूर्वक कौतुक. पण तो तक्ता कुठेतरी आतल्या पानावर असतो आणि पिशवीवर उरतात ते दोन उघडे आकडे.

राहता राहिला माणसाचा हात. विंग पंप करण्यात वाकबगार असलेला खेळाडू ज्या वाऱ्यात उठतो, त्याच वाऱ्यात शिकाऊ माणूस उभा राहून दमतो. शिवाय मुरलेला खेळाडू सरासरी वाऱ्यात उठतच नाही. तो झोताची वाट पाहतो, झोत आला की तीन-चार जोरकस हिसक्यांत वर येतो आणि मग मंद वाऱ्यातही वरच राहतो, कारण एकदा फॉइलवर आल्यावर रोध घटलेला असतो. १२ नॉट सरासरी आणि १६ नॉटचे झोत असलेल्या दिवशी त्याने चाचणी केली आणि वहीत '१२ला चालली' असे लिहिले, तर विंग उठवली प्रत्यक्षात १६ने. लिहिले गेले १२. यात कुणी खोटे बोलत नाही. पण एकसारख्या १२ नॉटच्या वाऱ्यात पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या वाट्याला यातला वरचा आकडा, म्हणजे झोत, येतच नाही.

आता तक्त्यातल्या पायऱ्यांकडे पाहू. समजा एखाद्या तक्त्यात ४ चौरस मीटरला १५ ते २८, ५ला १२ ते २५ आणि ६ला ९ ते २२ असे पल्ले आहेत. डोळ्यांना हे फार नेटके दिसते: प्रत्येक आकाराला तीन नॉटची पायरी, वर आणि खाली सारखीच. पण समान ओढीसाठी लागणारा वारा क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ५ची वरची मर्यादा २५ असेल तर ४ची २८ येते आणि ६ची २२.८, इथवर तक्ता गणिताशी जुळतो. खाली मात्र ५ची मर्यादा १२ असेल तर ४ची १३.४ आणि ६ची ११ येते. तक्ता ६ला ९ म्हणतो. ९ नॉटमध्ये ६च्या विंगला मिळणारी ओढ ही, त्याच तक्त्यातल्या ५च्या विंगला १२ नॉटमध्ये मिळणाऱ्या ओढीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असते. त्यात मोठी विंग जड, तिच्या टोकांचा विस्तार जास्त, आणि मंद वाऱ्यात ती स्वतःला हवेत धरून ठेवायलाही थोडा वारा खर्च करते. मग ही तीन नॉटची पायरी आली कुठून? ती मोजून आलेली नाही, हे तक्ताच सांगतो. मधला एखादा आकार पाण्यावर तपासला गेला असावा आणि बाकीचे आकार पट्टीने ओळीत बसवले गेले असावेत. नेमके सर्वांत मोठ्या विंगच्या खालच्या टोकाला ही पट्टी सर्वांत जास्त चुकते, आणि मंद वाऱ्याच्या गावी राहणारा माणूस पैसे खर्च करतो ते त्याच टोकासाठी.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत आवडणारा आहे, कारण त्याचे उत्तर देणे सर्वांत सोपे आणि तरी ते कुणी देत नाही: हा वारा मोजला कुठे? हवामानशास्त्रात वारा १० मीटर उंचीवर मोजतात आणि १० मिनिटांची सरासरी देतात. झोत म्हणजे ३ सेकंदांचा शिखरवेग. ही जागतिक हवामान संघटनेची रीत आहे आणि आपण सारे ज्या अंदाजांवर विसंबतो ते बहुतांशी याच मापात असतात. विंग धरलेली असते दीड ते अडीच मीटर उंचीवर. पाण्याच्या पृष्ठभागाशी घर्षण असल्याने खाली वारा मंदावतो. मोकळ्या पाण्यावर २ मीटर उंचीचा वारा १० मीटरवरच्या वाऱ्याच्या साधारण ८० ते ८५ टक्के भरतो. एका दुपारी मी हे स्वतः पडताळून पाहिले. केंद्राच्या खांबावरचे यंत्र १८ नॉट दाखवत होते. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून, हात डोक्यावर ताणून छोटा फिरत्या वाट्यांचा वेगमापक दहा मिनिटे धरला (खांदा भरून आला, हा वेगळा विषय) आणि सरासरी आली १५. अठराचे पंधरा होतात, तेव्हा ओढ सुमारे तीस टक्क्यांनी उतरते.

आता माझ्या त्या दुपारीचा हिशेब पुन्हा मांडतो. केंद्राचे १४ नॉट म्हणजे हाताशी ११.६च्या आसपास. माझ्या वजनाला लागणारा वारा १३.३, तोही आपल्या चाचणीच्या फॉइलवर. माझे फॉइल त्याहून लहान असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे उठायला लागणाऱ्या ओढीच्या तीन-चतुर्थांशच माझ्या हातात होती. पाऊण तास कुणी कितीही हिसके दिले तरी उरलेला चौथा हिस्सा त्यातून निघत नाही. आपला आकडा १० मीटरवरचा असता, तर माझ्या वाट्याचा अर्धा घोळ तिथेच मिटला असता. तो हाताच्या उंचीवरचा असेल तर तसे लिहायला दोन शब्द पुरतात.

वरची मर्यादा हा वेगळाच प्राणी आहे, आणि दोन्ही आकडे एकाच आडव्या रेघेने जोडले जातात म्हणून ते एकाच जातीचे आहेत असा समज होतो. खालच्या मर्यादेला माणूस जवळजवळ थांबलेला असतो, त्यामुळे त्याला लागणारा वारा हाच खरा वारा. वरच्या मर्यादेला तो पळत असतो आणि विंगला भेटतो तो भासमान वारा, म्हणजे खरा वारा आणि त्याच्या स्वतःच्या वेगामुळे जाणवणारा वारा यांची बेरीज. १२ नॉटच्या आडव्या वाऱ्यात १४ नॉटने फॉइलवर जाणाऱ्या माणसाच्या विंगवर १८.४ नॉटचा वारा आदळतो, म्हणजे दाब सव्वादोन पटींहून जास्त, आणि तोही पुढच्या बाजूला वळलेला. वेगवान, लहान फॉइलवरचा खेळाडू हा भासमान वारा आणखी वाढवतो. त्यामुळे खाली ज्या लहान फॉइलने मर्यादा बिघडवली, ते वर वेगळ्याच तऱ्हेने बिघडवते. खालच्या आकड्यासाठी मोठे, शांत फॉइल आणि वरच्या आकड्यासाठी दुसऱ्या दिवशी लहान फॉइल वापरले गेले असेल, तर छापलेला पल्ला कोणत्याही एका माणसाला, कोणत्याही एका दिवशी, एका सामानावर मिळणारच नाही. असे होते का, हे आपणच सांगू शकता.

शिवाय वर मर्यादा नेमकी कुणाची येते, तेही आकाराप्रमाणे बदलते. ३ चौरस मीटरची विंग ३५ नॉटमध्ये स्वतः क्वचितच हार मानते. आधी लाटा, मग माणसाचे मनगट, मग त्याचे धाडस. ७ चौरस मीटरच्या विंगचे तसे नाही. तिचा विस्तार चार मीटरच्या आसपास जातो, टोक लाटेला लागते, आणि मुख्य म्हणजे पुढची हवा भरलेली नळी वाकू लागते. या नळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वरच्या आकड्यातला जो भाग खरोखर विंगचा स्वतःचा आहे, तो इथे आहे.

हवा भरलेल्या कापडी नळीवर वाकवणारा भार वाढत गेला की एका क्षणी तिच्या आतल्या बाजूला सुरकुती पडते. ती पडण्यासाठी लागणारा भार आतल्या दाबाच्या सरळ प्रमाणात आणि नळीच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतो. नळी जाड करावी तर वाऱ्याला अडथळा आणि वजन वाढते. दाब वाढवावा तर कापडावरचा ताण दाब गुणिले त्रिज्या या हिशेबाने वाढतो, म्हणून मोठ्या नळीला लहान नळीइतका दाब सोसवत नाही. अशा कात्रीत मोठी विंग मूळचीच सापडलेली असते, आणि अलूलासारखे ताठ व हलके कापड पुढच्या नळीला वापरण्यामागची धडपड तीच आहे. हे सारे कौशल्य आपण वरच्या मर्यादेत ओतता, आणि मग ती मर्यादा किती दाबावर मोजली हे सांगत नाही! झडपेजवळ दाबाचा आकडा छापलेला असतो, हे खरे. पण समजा तो ८ पीएसआय (दाबाचे एकक) आहे. भर दुपारी, ३५ अंशांच्या वाळूवर मी पंपाच्या काट्यावर बरोबर ८ भरतो आणि २० अंशांच्या पाण्यात उतरतो. दहा मिनिटांत नळीतली हवा पाण्याच्या तापमानाला आली, तर काटा ७च्या किंचित खाली येतो. जवळजवळ सातवा हिस्सा ताठरपणा विंग गळत नसतानाही गेला. असे झाले की मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या नळीच्या आतल्या अंगाला बोटभर लांबीची बारीक सुरकुती प्रत्येक झोताबरोबर उमटते आणि मिटते. त्याच वेळी मागच्या हातातली ओढ अचानक मागे सरकते, कापडाची मागची कड फडफडू लागते, आणि माणसाला वाटते की आपल्याच हातात जोर उरला नाही. पिशवी म्हणते २५ नॉट. ही विंग त्या दिवशी २३च्या आसपासच सोडून देते. चाचणी किती तापमानाला आणि पाण्यात उतरल्यावर किती दाब उरला असताना झाली, एवढे कळले तर ग्राहक निदान पाण्यात बुडवून घेतल्यावर पुन्हा एकदा पंप लावेल.

क्षेत्रफळाबद्दल एकच गोष्ट. ५ चौरस मीटर म्हणजे सपाट पसरलेल्या कापडाचे, की दोन्ही बाजू वर उचललेल्या फुगवलेल्या विंगच्या सावलीचे? पुढच्या नळीसकट की तिच्याशिवाय? पतंग-बोर्डिंगमध्ये हा भेद जुना आहे; विंगांत तो कुणी विचारत नाही, आणि दोन कंपन्यांच्या ५च्या विंगांची तुलना करताना आपण एकच वस्तू तुलनेला घेतली आहे की नाही तेही कळत नाही. हवेच्या घनतेचा फरक त्यामानाने किरकोळ आहे. पण समुद्रसपाटीपासून २००० मीटर उंचीवरच्या तलावात सुमारे दहा टक्के जास्त वारा लागतो, हे तिथे जाणाऱ्याला कुणीतरी सांगावे.

हे आकडे सध्या कसे ठरतात, याची मला ढोबळ कल्पना आहे. नमुना विंग तयार होते, पथकातले दोन-चार जण ती निरनिराळ्या दिवशी पाण्यात नेतात, हाताला काय जाणवले ते बोलले जाते, कधी वेगमापक असतो, कधी अंदाज चालतो. मग गेल्या वर्षीचा तक्ता, बाजारातल्या इतरांचे तक्ते आणि दोन आकारांमध्ये फट दिसू नये ही इच्छा, यांच्या संगतीने आकडे बसवले जातात. मुरलेल्या हाताच्या जाणिवेला मी कमी लेखत नाही. वीस विंगा धरलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत जे सांगतो, ते वजनकाटा लावलेल्या यंत्रालाही सांगता येत नाही. पण जाणीव छापायची असेल तर ती कुणाची, हे लिहायला हवे. आणि स्पर्धकाचा तक्ता ९ म्हणतो म्हणून आपला १०च्या जागी ९ झाला असेल, तर तो आकडा वाऱ्याचा राहत नाही.

हे बदलता येत नाही, असे म्हणायला जागा नाही, कारण शेजारच्या धंद्यांनी ते करून दाखवले आहे. थंडीत वापरायच्या झोपण्याच्या पिशव्यांवर एके काळी ज्याला जे वाटेल ते तापमान छापले जाई. २००२ मध्ये युरोपात ईएन १३५३७ हे मानक आले. तापवलेला, संवेदक लावलेला पुतळा पिशवीत झोपवून, थंड खोलीत मोजमाप करून आकडे काढण्याची एकच रीत ठरली, आणि पुढे तिची जागा आयएसओ २३५३७ने घेतली. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही की, त्यांनी एका आकड्याचा हट्ट सोडला: आरामाचे तापमान प्रमाण स्त्रीसाठी, मर्यादेचे तापमान अंग दुमडून झोपलेल्या प्रमाण पुरुषासाठी आणि जिवावर बेतणारे टोकाचे तापमान वेगळे. पुतळा कुणाच्याच अंगकाठीचा नसतो, तरी दोन पिशव्यांची तुलना होऊ लागली. पॅराग्लायडरांचे तर वाऱ्याशी नातेच आहे. ईएन ९२६-२प्रमाणे प्रत्येक आकाराच्या पंखाची चाचणी त्याच्या जाहीर वजनपल्ल्याच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही टोकांना होते. मधला आकार उडवून बाकीचे पट्टीने बसवता येत नाहीत. विंगमधून कुणी आभाळातून पडत नाही, म्हणून तेवढी कडक व्यवस्था मी मागत नाही.

मी मागतो ते पिशवीवरच्या दोन ओळी. पल्ल्याच्या शेजारी चाचणी करणाऱ्याचे वजन असावे, दोन्ही टोकांना वापरलेल्या फॉइलचे क्षेत्रफळ असावे, आणि वारा हाताच्या उंचीवर मोजला की १० मीटरवरचा घेतला, सरासरी किती मिनिटांची आणि झोत किती होते, ते असावे. खालची मर्यादा म्हणजे पंप न करता उठणे की करून, हे स्पष्ट असावे. मला विचाराल तर दोन्ही आकडे द्यावेत, कारण शिकणाऱ्याला पहिला लागतो आणि मुरलेल्याला दुसरा. वरच्या मर्यादेची व्याख्या आपणच ठरवा, पण ठरवा: विंग मोकळी न सोडता दहा मिनिटे वाऱ्याच्या दिशेने वर चढत राहता येणे, ही व्याख्या मला पुरेशी वाटते, तिला प्रयोगशाळा लागत नाही. आणि जो आकार पाण्यावर तपासलेलाच नाही, त्याच्या पुढे 'गणिताने काढलेला' असे लिहावे. त्यात कमीपणा काही नाही, उलट गणित वर्गमुळाचे असेल तर तो तक्ता पट्टीच्या तक्त्यापेक्षा खरा निघेल.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: ग्राहकाला इतके आकडे नको असतात, त्याला एक साधे उत्तर हवे असते, आणि जी कंपनी प्रामाणिकपणे १४ लिहील तिच्यासमोर दुसरीचा १० उठून दिसेल. दुसऱ्या भागात तथ्य आहे, आणि म्हणूनच हे पत्र एका कंपनीला न लिहिता सर्वांना मिळून लिहिले आहे. पहिला भाग मात्र मला पटत नाही. हा खेळ खेळणारा माणूस बोर्डाचे लिटर, फॉइलचे चौरस सेंटिमीटर, मास्टची लांबी आणि नळीचा दाब तोंडपाठ म्हणून दाखवतो. एवढे आकडे पेलणाऱ्याला चाचणी करणाऱ्याचे वजन जड होईल, असे मानायला काही आधार नाही.

माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की, गेल्या तीन हंगामांच्या माझ्या वहीतल्या नोंदी, म्हणजे हाताच्या उंचीवरचा वारा, झोत, फॉइल, पाण्यात उतरल्यावरचा दाब आणि उठता आले की नाही, मागेल त्या कंपनीला द्यायच्या. एका ९२ किलोंच्या माणसाच्या नोंदी आहेत. त्यावरून तक्ता बनवता येणार नाही. पण ६० किलोंच्या आणि ७५ किलोंच्या दोन माणसांनी अशाच वह्या ठेवल्या, तर आपल्या पुढच्या हंगामाच्या पिशवीवर छापायला तीन खरे खालचे आकडे मिळतील. पुढचे नमुने पाण्यात नेताना आपल्या पथकातल्या कुणाच्या तरी हातात तो छोटा वेगमापक असावा, आणि खांदा भरून आला तरी तो दहा मिनिटे धरून ठेवला जावा, एवढी विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
आपल्याच विंगा वापरणारा एक ग्राहक